चेनसॉचा पिस्टन : बदलण्याआधी वाचायला हवा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि श्रमाला प्रतिष्ठा देणारा, गावाच्या गरजा शक्यतो गावातच भागवू पाहणारा विचार येथूनच वऱ्हाडभर पोहोचला. या परिसराच्या शेतीचे चित्र मात्र गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ बदलले आहे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा ही पिके तीच असली तरी त्यांच्याभोवती लहान लहान इंजिनांचा एक नवा संसार उभा राहिला आहे. फवारणीचा पेट्रोल पंप, गवत कापण्याचे यंत्र आणि लाकूड कापणारी चेनसॉ ही तीन यंत्रे आज अनेक शेतकऱ्यांच्या घरात कोपऱ्यात उभी असतात. त्यांची बाह्यरूपे वेगळी असली तरी अनेकदा त्यांचे काळीज एकच असते. ते काळीज म्हणजे दोन घाती, अर्थात टू-स्ट्रोक, पेट्रोल इंजिन.

संत्रा बागायतदाराला चेनसॉची गरज विशेष. फळांची तोडणी झाली की झाडावरील वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, पावसाळ्यापूर्वी काढावी लागते. ती राहिली तर बुरशीला आयते घर मिळते. बारीक सल आरीने किंवा कात्रीने निघते. पण मनगटापेक्षा जाड फांद्या आणि डिंक्या रोगाने वाळलेली झाडे यांना यंत्रच लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी वरूड-मोर्शी पट्ट्यातील संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडण्याची वेळ अनेकांवर आली. अशा हंगामात नेमकी चेनसॉ बंद पडते. दोरी ओढली तर ती एक तर दगडासारखी घट्ट लागते, नाही तर अगदीच सैल येते. दुकानात दाखवावे तर ‘पिस्टन गेला’ असे दोन शब्दांचे निदान मिळते आणि पुढे प्रश्न पडतो, की यंत्र भंगारात द्यावे, शहरात पाठवावे, की घरीच उघडावे?

ज्याच्या हाताला पाना-पकडीची सवय आहे, त्याला हे काम घरी करता येते. या इंजिनात झडपा नाहीत, टायमिंगची साखळी नाही, तेलाची टाकी नाही. फिरणारे मुख्य भाग तीनच आहेत : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. मात्र पिस्टन बदलणे आणि इंजिन दुरुस्त करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पिस्टन सहसा आपणहून मरत नाही. त्याला कोणी तरी मारलेले असते. मारेकरी न शोधता नवा पिस्टन बसवला तर तोही पेट्रोलच्या एक-दोन टाक्यांत त्याच वाटेने जातो.

पिस्टन हीच झडप

इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे या अभियंत्याने १८९० च्या सुमारास जी रचना सिद्ध केली, तिच्यावरच आजचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन उभे आहे. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर मिश्रण दाबले जाते आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखाली, क्रँकच्या बंद पेटीत, ताजे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून पिस्टन खाली आला की आधी धुराड्याची खिडकी उघडते, मग पेटीतील ताजे मिश्रण बाजूच्या वाटांनी वर चढते. या सर्व खिडक्या उघडण्याचे आणि बंद करण्याचे काम पिस्टनच्या भिंतीच करतात. म्हणून क्रँकची पेटी हवाबंद असणे येथे अत्यावश्यक ठरते. मोटारीच्या इंजिनात खालच्या पेटीतून थोडे तेल झिरपले तर फरशी खराब होते. टू-स्ट्रोकमध्ये पेटीला सुईएवढे छिद्र पडले तर इंजिन जळते.

चेनसॉचे इंजिन मिनिटाला १२ हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. १२ हजार फेरे म्हणजे सेकंदाला २०० फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. त्या फटीत तेलाचा जो पातळ थर राहतो, तो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच येतो. वेगळे वंगण नाही. साहजिकच पेट्रोलचा पुरवठा कमी झाला की दोन आपत्ती एकदम ओढवतात : ज्वलनाची उष्णता वाढते आणि वंगण घटते.

वऱ्हाडातल्या जुन्या मेकॅनिकांना टू-स्ट्रोक इंजिन नवे नाही. चेतक स्कूटर, राजदूत मोटारसायकल आणि १९७२ पासून रस्त्यावर आलेली लुना यांच्यावर दोन पिढ्यांचे हात तयार झाले. पण त्या हातांची एक सवय येथे उपयोगी पडत नाही. त्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा असे. तो झिजला की लेथवर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला जाई. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतील अंगाला क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय पातळ, पण कठीण मुलामा असतो. यांपैकी दुसऱ्या प्रकारचा मुलामा जर्मनीतील माहले कंपनीने १९६७ च्या सुमारास विकसित केला. असा सिलिंडर बोअर केला तर मुलामाच निघून जातो आणि खालचे मऊ ॲल्युमिनियम उघडे पडते. म्हणून चेनसॉत ‘बोअर करून घेऊ’ हा पर्याय नाही. सिलिंडर एक तर वाचवायचा असतो, नाही तर पिस्टनसह बदलायचा असतो.

उघडण्यापूर्वीचे निदान

सुरू न होणाऱ्या प्रत्येक चेनसॉचा पिस्टन गेलेला असतो असे नाही. प्लग काळा पडणे, पेट्रोलची गाळणी तुंबणे, कार्बोरेटरचा पडदा कडक होणे ही कारणे अधिक वारंवार आढळतात. म्हणून प्रथम प्लग काढून त्या जागी दाबमापक लावावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी पाच-सहा वेळा जोराने ओढावी. धडधाकट इंजिनात काटा साधारणतः १३० ते १६० पौंडांदरम्यान जातो. तो शंभराच्या खाली राहिला तर पिस्टन, रिंग किंवा सिलिंडर यांच्याकडे संशयाने पाहावे. यंत्राला दाब कमी करणारी कळ असेल तर ती मोजताना दाबलेली नाही याची खात्री करावी, अन्यथा निरोगी यंत्रही आजारी दिसते.

दुसरी तपासणी याहून बोलकी आहे. सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढून तो बाजूला केला की धुराड्याच्या खिडकीतून पिस्टनची भिंत दिसते. विजेरीच्या प्रकाशात ती गुळगुळीत आणि यंत्रावर घासल्याच्या बारीक आडव्या रेघांची दिसली तर पिस्टन शाबूत आहे. उभे ओरखडे, पुसट झालेल्या रिंगा, वितळून फासल्यासारखे ॲल्युमिनियम दिसले तर इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

जळालेल्या पिस्टनची साक्ष

काढलेला पिस्टन फेकण्याआधी तो हातात घेऊन चारही बाजूंनी पाहणे हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तो काय झाले ते सांगतो.

ओरखडे सर्व बाजूंनी सारखे असतील, डोक्यावर तेलाचा अंशही नसेल, तर बहुधा तेल न मिसळलेले पेट्रोल भरले गेले आहे. मोटारसायकलसाठी आणलेल्या कॅनमधले पेट्रोल घाईने चेनसॉत ओतणे ही यामागची सर्वांत साधी हकिगत असते.

ओरखडे मुख्यतः धुराड्याच्या बाजूला असतील तर मिश्रण ‘कोरडे’ झाले होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात होते, असा अर्थ निघतो. धुराड्याची बाजू मुळातच अधिक तापते, म्हणून तीच आधी शरण येते. येथे चौकशी क्रँकच्या रबरी सीलांपासून कार्बोरेटरच्या रबरी नळीपर्यंत न्यावी लागते.

कार्बोरेटरच्या बाजूची भिंत निस्तेज, करडी आणि समान झिजलेली असेल तर आरोपी धूळ आहे. उन्हाळ्यात कोरड्या बागेत काम करताना फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून लाकडाचा भुसा आणि माती आत जाते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते.

पिस्टनच्या डोक्याची कड खाल्ल्यासारखी किंवा मध्येच भोक पडलेले असेल तर चुकीचा प्लग, अवेळी होणारे ज्वलन किंवा अतिउष्णता यांचा विचार करावा. सिलिंडरच्या पंखांमध्ये तेलकट भुसा दडपून बसला असेल तर थंड हवा पोहोचतच नाही. ही गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दुर्लक्षित राहते.

तयारी

सुट्या भागांची खरेदी यंत्राच्या नावावर नव्हे, मापावर करावी. एकाच कंपनीच्या दिसायला जवळजवळ सारख्या यंत्रांत पिस्टनचा व्यास वेगळा असतो. उदाहरणार्थ, स्टिलच्या एमएस १७० मध्ये तो ३७ मिलिमीटर, तर एमएस १८० मध्ये ३८ मिलिमीटर आहे. जुना पिस्टन आणि गजनपिन दोन्ही व्हर्नियरने मोजून, जमल्यास नमुना सोबत नेऊन किट घ्यावे. किटमध्ये पिस्टन, रिंगा, गजनपिन आणि दोन सर्क्लिप असाव्यात. बुडाचे पॅकिंग लागत असेल तर ते नवे घ्यावे. क्रँकचे दोन्ही सील आणि पेट्रोलची गाळणी याच वेळी बदलणे शहाणपणाचे.

जागा स्वच्छ, उजेडाची आणि वारा खेळता असलेली हवी. चूल, गॅस किंवा विडी-काडी जवळ नको. टाकीतील पेट्रोल उघड्यावर, डब्यात काढून घ्यावे. प्लगची टोपी काढावी, पट्टी आणि साखळी उतरवावी. पांढरे कापड अंथरले की पडलेला स्क्रू लगेच दिसतो. प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू टप्प्यानुसार वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. त्यांची लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आवरण फुटते.

उघडणे

वरचे आवरण, एअर फिल्टर, कार्बोरेटर, दोरीची पेटी आणि सायलेन्सर या क्रमाने भाग सुटे होतात. इग्निशनची कॉईल सिलिंडरवरच बसवलेली असल्यास तीही काढावी. यापुढे यंत्रांच्या दोन जाती होतात. जड कामाच्या चेनसॉमध्ये सिलिंडर चार स्क्रूंनी क्रँकच्या पेटीवर बसवलेला असतो आणि ते काढले की सरळ वर उचलता येतो. घरगुती वापराच्या अनेक यंत्रांत सिलिंडर आणि तळाची परात मिळून क्रँकला कवेत घेतात. तेथे संपूर्ण इंजिन बाहेर काढून खालून उघडावे लागते आणि जोडताना दोन अर्धुकांमध्ये उष्णता व पेट्रोल सहन करणारा सीलंट लावावा लागतो. ही दुसरी रचना अवघड नाही, पण वेळखाऊ आहे.

सिलिंडर निघाल्यावर पहिले काम म्हणजे क्रँकच्या पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करणे. गजनपिनच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगसारख्या सर्क्लिप असतात. त्या निघताना उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोट आड धरलेले हवे. उडालेली क्लिप पेटीत गेली आणि लक्षात आले नाही तर सारे श्रम वाया जातात. गजनपिन हातोडीने ठोकून काढण्याचा मोह टाळावा. त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टनला हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने ऊब दिली की तो किंचित प्रसरण पावतो आणि पिन योग्य जाडीच्या दांड्याने ढकलता येते.

पिस्टन निघाल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. बाजूला किंचित हालचाल असणे स्वाभाविक. पण क्रँककडच्या टोकाशी वर-खाली खडखड जाणवली तर तेथील बेअरिंग गेले आहे. अशा वेळी घरची दुरुस्ती तेथेच थांबवून तज्ज्ञाकडे जावे. नवा पिस्टन टाकून जुने बेअरिंग चालवणे म्हणजे पुढच्या मोठ्या मोडतोडीची तारीख ठरवणे होय. पेटीत ॲल्युमिनियमचा चुरा दिसत असेल तर ताज्या मिश्रणाने ती वारंवार धुऊन काढावी.

सिलिंडर वाचतो का?

जळालेल्या पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि ओरखड्यासारखे दिसते. प्रत्यक्षात अनेकदा मुलामा शाबूत असून त्याच्यावर केवळ पुटे चढलेली असतात. ती काढण्यासाठी बारीक, सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरवर थोडे तेल घेऊन आडव्या-तिरक्या हालचालींनी हलके घासावे. खिडक्यांच्या कडांवर दाब देऊ नये. पुटे गेल्यावर नख फिरवून पाहावे. नख कुठे अडकत नसेल तर सिलिंडर वापरण्याजोगा आहे. नख अडकत असेल, मुलाम्याचे पापुद्रे निघालेले असतील किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका उघडा दिसत असेल, तर सिलिंडर निकालात काढावा.

ॲल्युमिनियम झटपट उतरवण्यासाठी फरशी धुण्याचे ॲसिड वापरण्याची युक्ती सांगितली जाते. हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियम खाते हे खरे. पण ते क्रोमचा मुलामाही खाते. शिवाय खिडकीतून ओघळलेला थेंब सिलिंडरचे मूळ अंगच पोखरतो आणि निघणारी वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असते. मुलामा कोणता हे ठाऊक नसताना घरात हा प्रयोग करू नये.

जोडणी

नव्या पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो. तो धुराड्याकडे राहिला पाहिजे. हा बाण शोभेचा नाही. रिंगांच्या खोबणीत बारीक खुंट्या असतात आणि रिंगेची दोन्ही टोके त्या खुंटीपाशी मिळतात, जेणेकरून ती टोके कुठल्याही खिडकीसमोर येऊ नयेत. पिस्टन उलटा बसला तर टोक खिडकीत अडकते, रिंग तुटते आणि तिचे तुकडे सिलिंडर फाडतात.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती एकटी सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने सरळ आत ढकलावी आणि टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. व्यासाच्या दर २५ मिलिमीटरला सुमारे एक दशांश मिलिमीटर हा ढोबळ आडाखा आहे. यंत्राच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच प्रमाण. फट अजिबात नसेल तर तापल्यावर रिंग फुगून सिलिंडरला जाम करेल.

पिस्टन बसवताना एक सर्क्लिप आधीच लावून ठेवावी, रॉडच्या टोकातील सुयांच्या बेअरिंगला टू-टी तेल लावावे, पिन सरकवावी आणि दुसरी क्लिप बसवावी. क्लिप नेहमी नव्याच वापराव्यात. त्यांचे उघडे तोंड वर किंवा खाली असावे, बाजूला नको. बाजूला असेल तर पिस्टनच्या प्रचंड वेगाच्या येरझाऱ्यांत क्लिप मिटून सुटण्याचा धोका असतो. क्लिप खोबणीत पूर्ण बसली की ती पेचकसाच्या टोकाने किंचित फिरवून खात्री करता येते.

आता पिस्टनखाली दोन बोटांची लाकडी चिप आधाराला द्यावी, रिंगा व सिलिंडरला तेलाचे बोट फिरवावे, रिंगा खुंटीवर जुळवून बोटांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दाबून धराव्यात आणि सिलिंडर सरळ खाली सरकवावा. तो फिरवत किंवा हिसडे देत बसवू नये. अडला तर जोर न करता पुन्हा वर घ्यावा. रिंग बाहेर आलेली असते. बुडाचे चारही स्क्रू तिरक्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळावेत. मग प्लग न लावता क्रँक हाताने सावकाश फिरवावा. हालचाल सर्वत्र सारखी, मऊ आणि निःशब्द असली पाहिजे.

मारेकऱ्याचा शोध

ज्या टप्प्यावर बहुतेक घरगुती दुरुस्त्या घाईने संपतात, तेथे खरे काम सुरू होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून धुराड्याचे आणि कार्बोरेटरचे तोंड बंद करावे. क्रँकच्या पेटीत हातपंपाने अर्ध्या बारपर्यंत हवा भरावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. क्रँकच्या सीलांपाशी, बुडाच्या पॅकिंगपाशी किंवा रबरी नळीच्या तड्यापाशी बुडबुडे आले तर जुन्या पिस्टनचा मारेकरी सापडला. दाब काही मिनिटे टिकला तर इंजिन हवाबंद आहे. त्यानंतर पेट्रोलची नळी, तिच्या टोकाची गाळणी आणि टाकीला हवा देणारे छिद्र तपासावे. हे छिद्र बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खेचले जात नाही आणि मिश्रण कोरडे होते.

पेट्रोलचा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र मिळू लागले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरतात. नव्या मोटारीतील संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. चेनसॉचा साधा कार्बोरेटर मात्र जुन्याच मापाने चालत राहतो. परिणामी मिश्रण काही टक्क्यांनी कोरडे होते. छोट्या यंत्रांच्या अनेक पुस्तिकांमध्ये १० टक्के इथेनॉल हीच कमाल मर्यादा दिलेली असते. यंत्राच्या कार्बोरेटरला जुळवणीचे स्क्रू असतील तर इंधन किंचित वाढवून घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरा धोका साठवणुकीचा. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या टाकीत पाणी आणि इथेनॉल यांचा थर तळाशी जमू शकतो, तर तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. गाळणी तळाशी असल्यामुळे सुरुवातीलाच इंजिनाला तेलविरहित घोट मिळतो. म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवून ठेवावे. मिश्रण लागेल तेवढेच, ताजे करावे.

तेलाचे माप अंदाजाने, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने घेण्याची सवय महागात पडते. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर तेल लागते. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे, जासो एफडी दर्जाचे तेल घ्यावे; मोटारीचे इंजिन ऑईल चालत नाही. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता’ हाही गैरसमज आहे. अतिरिक्त तेलाने धुराडे कार्बनने तुंबते, प्लग खराब होतो आणि पेट्रोलचा वाटा घटल्याने मिश्रण उलट थोडे कोरडेच होते.

पहिली सुरुवात

नवा पिस्टन आणि रिंगा यांना सिलिंडरशी ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन टाक्या मिश्रण किंचित ओले ठेवून, हलक्या लाकडावर काम करावे. लाकडात न घालता यंत्र पूर्ण वेगाने गुरगुरत ठेवू नये. पूर्ण वेगावर आवाज किंचित फाटल्यासारखा येणे आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ होणे हे योग्य मिश्रणाचे लक्षण. आवाज सतत तीक्ष्ण, किंचाळल्यासारखा असेल तर मिश्रण कोरडे आहे, लगेच थांबावे. एक टाकी संपल्यावर प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग दुधाळ चहासारखा तपकिरी असावा. पांढरा असेल तर धोक्याची सूचना, काळाकुट्ट असेल तर इंधन अति.

इंजिन सुरू झाले म्हणजे चेनसॉ वापरायला सिद्ध झाली असे नव्हे. उघडताना साखळीचा ब्रेक, क्लच आणि तेलाचा पंप हाताळले गेलेले असतात. पुढील ढालीने ब्रेक ओढताच साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे, मंद वेगावर ती फिरता कामा नये आणि बंद करण्याची कळ चालली पाहिजे. पट्टीचे टोक फांदीला लागून यंत्र उसळते, तेव्हा चालवणाऱ्याला वाचवणारा हाच ब्रेक असतो. दुरुस्ती कितीही उत्तम झाली तरी ब्रेक निकामी असलेली चेनसॉ हातात घेऊ नये. झाड तोडायचे असेल तर शहरात १९७५ च्या आणि ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये परवानगी लागते का, हेही आधी पाहणे आवश्यक आहे.

आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली जर्मनीत विजेवर चालणारी पहिली चेनसॉ बाजारात आणली. आता बॅटरीच्या यंत्रांमुळे करवतीचा प्रवास पुन्हा विजेकडे वळू लागला आहे. तरीही वीज जेथे वेळेवर मिळत नाही अशा शिवारात टू-स्ट्रोक इंजिन आणखी काही वर्षे राहणारच. ते राहणार असेल तर त्याचे ज्ञानही गावात राहायला हवे. आयटीआयच्या अभ्यासवर्गापासून कृषी प्रदर्शनातल्या प्रात्यक्षिकापर्यंत या छोट्या इंजिनाला जागा मिळाली, तर अनेक यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचतील. पिस्टन हा किमतीने छोटा भाग आहे. पण तो का जळाला हे ओळखणारा माणूस गावात असेल, तर सल काढण्याचा हंगाम चुकत नाही आणि पुढचा पिस्टनही जळत नाही.